धूर नाही, मग काय भीती

माझी मुलगी आता तेरा महिन्यांची आहे. भिंतीला धरून चालते, मधेच हात सोडते आणि बदकन खाली बसते. भेटायला येणाऱ्या बायका तिच्याकडे बघतात आणि मला विचारतात, बरी आहे ना आता? मी हो म्हणते. मग आवाज खाली आणून ठरलेला दुसरा प्रश्न येतो: तेव्हा नेमकं झालं काय होतं, कोणाची नजर वगैरे? आधी मी शांतपणे समजावून सांगायची. आता राग येतो आणि तो मी लपवत नाही. नजर नव्हती. आमच्या घरची शेगडी होती, आमच्याच हातांनी पेटवलेली, आणि आमच्याच हातांनी बुजवलेली खिडकी होती. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

माझे वडील सावनेरकडच्या कोळसा खाणीत होते. आमचं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. खाणीत त्यांच्या कामाला सरदार म्हणतात. नाव ऐकून कोणी राजेशाही काम समजेल, पण तसं काही नव्हतं. पाळीवरची माणसं खाली उतरायच्या आधी एकट्याने पुढे जायचं, छत ठोकून बघायचं, हवा तपासायची, आणि सगळं ठीक असेल तर खडूने तारीख आणि सही टाकून यायचं. त्यांची सही नसेल तर माणूस पुढे जात नसे. जेवताना ते आम्हा भावंडांना सांगायचे की खाणीत आग दिसते तिची भीती कमी. जुन्या बंद केलेल्या भागात कोळसा आतल्या आत धुमसत असतो, ना ज्वाळा ना धूर, आणि त्यातून जो गॅस येतो त्याला वासही नसतो. नाकावर भरवसा ठेवायचा नाही, मीटर बोलेल ते खरं. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की पाढ्यासारखं पाठ होतं.

त्याच कॉलनीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या. शेगडी पेटवायची एक रीत होती, आणि ती आमच्याकडच्या प्रत्येक बाईला येत होती. शेगडी बाहेर अंगणात पेटवायची. पहिला अर्धा तास ती असा पिवळट जाड धूर सोडते की डोळे उघडत नाहीत. तो सगळा धूर बाहेर जाऊ द्यायचा. कोळसा वरपासून खालपर्यंत लाल झाला, धुराची एक रेघही उरली नाही, की मग शेगडी उचलून आत आणायची. ज्या घरातली बाई धुराची शेगडी आत आणते ती फूहड, म्हणजे गबाळी. आमची आई फूहड नव्हती. तिची शेगडी आत यायची तेव्हा ती आरशासारखी स्वच्छ असायची.

ही स्वच्छ शेगडीच आम्हाला भोवली. धूर गेला म्हणजे विष गेलं, असं अख्ख्या कॉलनीला वाटत होतं. धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा बंदोबस्त केला. जे दिसत नव्हतं ते त्या लाल निखाऱ्यांमधून शांतपणे निघत राहिलं. कॉलनीतल्या घरांची कौलं फटींची होती आणि स्वयंपाकघरं अर्धी उघडी होती, म्हणून आम्ही वाचलो. आमच्या शहाणपणाने नव्हे.

वडील निवृत्त झाले आणि आईवडील नागपुरात महालात राहायला आले. अरुंद गल्लीतलं पक्कं घर, स्लॅबचं, खाली दोन खोल्या, वर दोन. कौल नाही, फट नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात माझं बाळंतपण झालं आणि पहिलटकरीण म्हणून मी माहेरी आले. खालची मागची खोली आईने माझ्यासाठी तयार करून ठेवली होती. ती खोली मला आजही डोळे मिटले की दिसते. गल्लीकडे उघडणाऱ्या एकुलत्या एका खिडकीवर आईने मैद्याची खळ करून वर्तमानपत्रं चिकटवली होती, दोन थर. वरच्या झरोक्यात जुनी उशी कोंबली होती. दाराखालच्या फटीला टॉवेलची वळकटी. मधोमध नवारीची बाज, आणि बाजेखाली शेगडीची जागा. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. वारा लागला तर म्हातारपणी कंबर धरते, कान दुखतात, अंग सुजतं. या वाऱ्याची जेवढी धास्ती आमच्या बायकांनी घेतली आहे, तेवढी कशाचीच घेतलेली नाही.

त्या खोलीत पुरुषाने यायचं नाही हे दुसरं. सोयराचे दिवस संपले तरी वडील उंबरा ओलांडत नसत. मुलीची बाळंतिणीची खोली, तिथे बापाने कसं जायचं, अशी त्यांची समजूत. पण शेगडी पेटवण्याचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. थंडी चांगलीच पडली होती. सकाळी सातला ते मागच्या अंगणात उकिडवे बसायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचे, धूर संपेपर्यंत हलायचे नाहीत. मग सांडशीने एकेक निखारा सारखा करून शेगडी उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचे आणि आईला हाक मारायचे. आई ती आत घ्यायची. दिवसातून तीनदा हा सोहळा. तीस वर्षं हवा तपासलेल्या माणसाने स्वतःच्या लेकीच्या खोलीची हवा एकदाही तपासली नाही, कारण ती खोली बायकांची होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बारशाच्या चार दिवस आधी माझं डोकं दुखायला लागलं. कपाळाभोवती कोणी ओला दोर आवळून बांधल्यासारखं. मळमळायचं, उठून उभी राहिले की भिंत धरावी लागायची. आईला सांगितलं. आई कोहळ्याच्या फोडी करत होती, तिने मानही वर केली नाही.

"बाळंतिणीचं डोकं दुखतेच वं. कानाले रुमाल बांध."

मी रुमाल बांधला. मी एम. कॉम. झालेली, विमा कार्यालयात आठ वर्षं लोकांचे दावे तपासणारी बाई, कोणी कागदावर एक तारीख चुकवली तर पकडणारी. पण रुमाल बांध म्हटल्यावर मी रुमाल बांधला. त्या खोलीत शिरलं की माणसाचं शिक्षण चपलांबरोबर बाहेर राहतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि तिचाच मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप आहे. बारशाच्या दिवशी मला पुढच्या खोलीत आणून बसवलं होतं. दोन-तीन तास मी तिथे होते, दार उघडं, माणसांची ये-जा. डोकेदुखी पार थांबली. मला भूक लागली, मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. आत परत गेले आणि तासाभरात दोर पुन्हा आवळला. दुसऱ्या दिवशी आंघोळीला न्हाणीत गेले तेव्हाही तसंच, बाहेर आलं की बरं, आत गेलं की पुन्हा. मी आईला हे म्हणाले. ती म्हणाली की चार माणसं भेटली, मन रमलं, म्हणून बरं वाटलं. सासरी नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला झोप होत नसेल. गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांना वडील बोलावून घेऊन आले. त्यांनी माझ्या बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं, आकडा बघून म्हणाले, ऑक्सिजन उत्तम आहे, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. ते शेगडीपासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, छान ऊब आहे इथे.

आणि बाळ. बाळ दिवसभर झोपायचं. दूध ओढताना मधेच थांबायचं, गाल थोपटले तरी जागं व्हायचं नाही. जी बाई बघायला येईल ती म्हणायची, किती शांत पोर आहे, रडणं म्हणून नाही. मावशी म्हणाली, काकू म्हणाली, शेजारीण म्हणाली की हिच्या आजीचा गुण उतरला आहे. मला स्वतःला अभिमान वाटत होता. तीन आठवड्यांचं मूल गुंगीत होतं आणि आम्ही सगळ्या जणी बाजेभोवती बसून त्याच्या स्वभावाचं कौतुक करत होतो.

मालिश करायला गल्लीतल्याच एक मावशी यायच्या. पंचवीस वर्षांपासून महालातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालणाऱ्या. सकाळी चार-पाच घरं करायच्या, आमचं दुसरं. हात असे की दुखणारं अंग त्यांच्या हातात मऊ पडायचं. मी एकदा, एकदाच, आईला म्हणाले होते की खिडकीचा एक कागद काढू का, गुदमरल्यासारखं होतं. आईने मावशींकडे बोट दाखवलं. म्हणाली, या बाईने शंभर बाळंतपणं केली अशाच खोलीत, हिला काही झालं का? मावशी हसल्या. विषय संपला.

त्या दिवशी थंडी फार होती. रात्रीतून पारा उतरला होता आणि आईने वडिलांना सांगितलं होतं की आज शेगडी भरून करा. वडिलांनी भरून केली. सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. मावशींनी बाळाला आंघोळ घातली, ओव्याची धुरी दिली, गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं आणि माझ्या पायांना तेल लावायला बसल्या. आई धुतलेले लंगोट वाळत घालायला गच्चीवर गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं आणि टॉवेल बाहेरून फटीला लावला, सवयीने.

मला एवढं आठवतं की मावशींचे हात थांबले. त्या म्हणाल्या, जरा बसते माय, आणि भिंतीला टेकल्या. मला ओकारी आली. उठावंसं वाटलं पण पाय माझे नव्हते. बाळाला हलवलं, त्याचा हात कापडासारखा खाली पडला. मला हाक मारायची होती. मनात मी ती मारलीही. तोंडातून काही निघालं नाही.

पुढचं मला वडिलांनी सांगितलं, तेही आठवडाभराने, तुटक तुटक. ते निखारे बदलायला आले होते. दाराबाहेरून म्हणाले, सिगडी द्या. उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मावशींना हाक मारली. आत तीन जीव होते आणि एकही आवाज नव्हता. मग त्यांनी जिन्याखाली जाऊन आईला हाक मारली, आणि दारापाशी परत येऊन आईची वाट बघत उभे राहिले. हातात सांडशी घेऊन. दाराला कडी नव्हती. नुसतं ढकललं असतं तर उघडलं असतं.

किती वेळ उभे होते हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा ते उठून गेले.

आई खाली आली, तिने दार उघडलं, आणि तिच्या खांद्यावरून वडिलांनी पहिल्यांदा ती खोली पाहिली. चिकटवलेले कागद, झरोक्यातली उशी, भिंतीला कलंडलेल्या मावशी. आई किंचाळली की पोरीला काहीतरी झपाटलंय. वडिलांनी तिला बाजूला सारलं. आधी बाळ, मग मी, मग मावशी, असं एकेकाला ओढत त्यांनी अंगणात आणलं. परत आत जाऊन सांडशीने खिडकीची काच फोडली, शेगडी बाहेर भिरकावली. त्या दहा मिनिटांत ते पुन्हा सरदार झाले होते. गल्लीतल्या एकाचा ऑटो दारात होता, त्यात आम्हाला घातलं आणि रामदासपेठ गाठली.

त्या दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मला तपासायच्या आधी आईला एकच गोष्ट विचारली, खोलीत शेगडी होती का. आई म्हणाली, होती, पण धूर काढून आणलेली, साफ. मी अर्धवट शुद्धीत होते तरी डॉक्टर बाईंचा चेहरा मला दिसला. त्या आमच्यासारख्या घरांना दर हिवाळ्यात भेटत असणार. म्हणाल्या, "धूर असता तर तुम्ही खोकून बाहेर तरी पळाला असता, आजी." मग बाळाच्या आणि माझ्या तोंडावर ऑक्सिजन लावला, रक्त काढून पाठवलं. वडिलांनी बोटाच्या यंत्राचं विचारलं, तर त्यांनी सांगितलं की या गॅसपुढे ते यंत्र फसतं. रक्त गॅसने भरलं असलं तरी ते ऑक्सिजन आहे असं दाखवतं. गोळ्या लिहून देणाऱ्या त्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवस बाळ काचेच्या पेटीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रडलं. असं रडलं की परिचारिका हसायला लागली. मला तेव्हा कळलं की माझी मुलगी शांत नाही, ती महाभांडखोर आहे, आणि त्यासारखी आनंदाची बातमी मला आजवर कोणी दिलेली नाही. मेंदूवर काही परिणाम राहिला का, हे मोठी झाल्यावरच कळेल असं डॉक्टर बाई म्हणाल्या. म्हणून मी अजून तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवते आणि ती वळते की नाही बघते. रोज वळते. तरी मी रोज वाजवते.

त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात वडील माझ्याजवळ येऊन बसले. त्यांची मान खाली होती. मी रागाने भरलेली होते, मला त्यांना दहा गोष्टी विचारायच्या होत्या. तुम्हाला माहीत होतं ना, लहानपणी तुम्हीच सांगितलं होतं ना. मी काही विचारायच्या आधीच ते बोलले.

"खाली खाणीत असतो तं एक मिनिट नसतो थांबलो, बेटा. ते घर होतं म्हणून थांबलो."

माझा राग गेला नाही. अशा वाक्याने राग जातो असं पुस्तकात असेल. मला उलट जास्त संताप आला, त्यांच्यावर नाही, त्या उंबऱ्यावर. खाणीत मजूर गुदमरला तर नियम आहे, शिट्टी आहे, मीटर आहे, जबाबदार माणसाची सही आहे. घरात बाई गुदमरली तर रुमाल आहे.

आता मावशींचं. तिसऱ्या दिवशी मला एकदम आठवलं की त्याही त्या खोलीत होत्या. आईला विचारलं, त्या कोणत्या दवाखान्यात आहेत. मावशींना कोणी दवाखान्यात नेलंच नव्हतं. ऑटोत जागा नव्हती. त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं, थोड्या वेळाने त्या उठून चालत घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी मालिशला गेल्या. मी स्वतः तीन दिवस फक्त माझ्या बाळाचा विचार करत होते, तेव्हा दुसऱ्या कोणाला बोलायचा मला काय अधिकार. पण बोलते.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. आईचा विरोध होता, सव्वा महिना झाला नव्हता. त्यांची एक खोली, बाहेर पाण्याचे ड्रम, दारात बसून त्या मेथी निवडत होत्या. कपाळाला बाम चोपडला होता. मी विचारलं, आज डोकं दुखतंय का.

"मले तं थंडीत रोजच दुखते," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाली. उन्हाळा लागला का आपोआप राहते."

मी विचारलं, कोणाला सांगितलं नाही का कधी. त्या म्हणाल्या, कोणी विचारलंच नाही तर काय सांगू. चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासून आल्या होत्या, दोनदा. चौथ्या घरी पोचेपर्यंत रोज ओकारी यायची, म्हणून घरून उपाशी निघायच्या. बंद खोलीतून बंद खोलीत, शेगडीजवळून शेगडीजवळ, दर हिवाळ्यात, पंचवीस वर्षं. आणि महालातली प्रत्येक सासू, प्रत्येक आई, कागद काढू पाहणाऱ्या पोरीला या बाईकडे बोट दाखवून सांगत होती की बघ, हिला काही झालं का.

हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. पण काकण ज्या हातात आहे त्या हाताकडे कोणी बघितलंच नाही तर आरसा असून तरी काय उपयोग.

मी डॉक्टर बाईंकडे त्यांना घेऊन गेले. त्यांनी मावशींना साध्या शब्दांत सांगितलं. निखारा असो, लाकूड असो, गॅसचं गीझर असो, बंद खोलीत काहीही जळायला नको. खिडकीची एक फट ठेवली म्हणजे भागत नाही, शेगडी मुळात आतच न्यायची नाही. ऊब पाहिजे तर कपडे वाढवा, गरम पाण्याची पिशवी ठेवा, सकाळी उन्हात बसा. नागपूरचं ऊन डिसेंबरातही फुकट मिळतं. आणि एकाच खोलीतल्या दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, बाहेर गेल्यावर थांबलं, की कारण शोधत बसायचं नाही, आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. घरी येताना ऑटोत त्या म्हणाल्या की हे तर कोणीही सांगू शकलं असतं.

या हिवाळ्यात मावशींनी तेच सांगायला सुरुवात केली. शेगडी असेल तर मी येत नाही, असं स्पष्ट. चार घरांनी त्यांना बंद केलं. आता मालिशवाली आपल्याला शिकवायला लागली, अशी कुजबुज झाली. पंचवीस वर्षं त्या गप्प होत्या तेव्हा त्यांचं उदाहरण सगळ्यांना चालत होतं. बोलायला लागल्या तर त्यांना अक्कल नाही.

परवा संक्रांतीला मी मुलीला घेऊन माहेरी गेले होते. दुपारी वडील पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते, मुलगी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती. आई समोरच्या घरी तीळगूळ देऊन आली. त्या घरी सून बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते, मावशींना बंद करणारं एक घर तेच. आई खुशीत होती, सुनेचं बाळ कसं गोरं आहे ते सांगत होती. मग म्हणाली, "त्यांच्या सासूबाईनं विचारलं, सिगडी ठेवू का नको. म्या म्हटलं ठेवा, पण धूर चांगला निघू द्या."

मी आईकडे बघत राहिले. हीच बाई अंगणात माझ्या उशाशी बसून छाती पिटत होती. हिनेच दोन दिवस काचेच्या पेटीला डोकं टेकलं होतं. आणि वर्षभरात तिच्यापाशी काय उरलं होतं, तर धूर. मला ओरडायचं होतं. पण वडिलांनी कप खाली ठेवला होता. त्यांनी मुलीचा हात आपल्या गुडघ्यावरून अलगद सोडवला, तो माझ्या हातात दिला आणि पायात चपला न घालता गल्ली ओलांडली.

मी मुलीला कडेवर घेऊन मागे धावले. समोरच्या सासूबाई दारातच होत्या. त्या म्हणाल्या, तिकडे कुठे भाऊजी, आत बाळंतीण आहे. वडील थांबले नाहीत. नजर फरशीवर ठेवून, कोणाकडेही न बघता ते आतल्या खोलीपर्यंत गेले आणि दार ढकललं. माझ्या चेहऱ्यावर ती ऊब आली, ओव्याच्या वासाची, आणि मी मुलीचं तोंड माझ्या पदराने झाकलं. सून बाजेवर कानाला रुमाल बांधून बसली होती. वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला, बाजेखालून शेगडी ओढली आणि उचलून गल्लीत आणून ठेवली. निखारे लालभडक होते. धुराची एक रेघ नव्हती.

सासूबाईंनी गल्ली गोळा केली. म्हातारा चळला आहे, बाईमाणसाच्या खोलीत घुसतो, घरी लेकीसुना आहेत की नाहीत, लाज कशी नाही. आई आमच्या दारात तीळगुळाचं ताट घेऊन उभी होती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. हात दुपट्ट्याला पुसले.

"लाज होती वहिनी," ते म्हणाले. "मागच्या थंडीत माह्या लेकीच्या दाराबाहेर मी तीच घेऊन उभा होतो."

एवढं बोलून ते खिडकी उघडायला परत आत गेले.